जकातनाक्यापासून जिनिव्हापर्यंत

मंगळवार : स्ट्रासबुर्ग

आज चालू असलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनांमध्ये सगळ्यात जुनी कोणती, असं विचारलं तर बहुतेक जण संयुक्त राष्ट्रांचं नाव घेतील. फार तर रेड क्रॉसचं. खरं उत्तर आहे ऱ्हाइन नदीवरच्या वाहतुकीचा मध्यवर्ती आयोग. 1815 च्या व्हिएन्ना परिषदेत तो ठरला, 1816 साली माइन्झला त्याची पहिली बैठक झाली आणि आजही तो स्ट्रासबुर्गमध्ये रोजचं काम करतो. लेक जर्मनीत फ्रायबुर्गला असते, तिथून स्ट्रासबुर्ग अगदी जवळ. म्हणून आमच्या सहलीची सुरुवात इथून.

मी शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवत होते आणि आमचे हे टपाल खात्यात, आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेने जाणारं टपाल निवडून वाटेला लावणाऱ्या शाखेत. लेकीने आल्प्समधल्या झुलत्या गाड्यांची यादी काढून ठेवली होती. आम्ही ती बाजूला सारून कचेऱ्यांची यादी पुढे केल्यावर तिने कपाळाला हात लावला.

आयोगाची कचेरी रिपब्लिक चौकातल्या पाले द्यु ऱ्हें या वाड्यात आहे. हा वाडा 1880 च्या दशकात जर्मन कैसरसाठी बांधला. घुमट, खांब, पुतळे, सगळं दणकट आणि थोडं बोजड. 1918 ला शहर फ्रान्सकडे गेलं, व्हर्सायच्या तहाने आयोगाचं ठाणं मानहाइमहून इथे हलवलं आणि कैसरच्या दालनांत नदीचे कारकून बसले. मला हा बदल फार आवडला.

अठराव्या शतकात स्ट्रासबुर्गपासून डच सरहद्दीपर्यंत ऱ्हाइनवर तीसेक जकातनाकी होती. दर वळणावर नवा राजा, नवा बिशप, नवा सरदार, आणि प्रत्येकाचा हात पुढे. 1804 साली फ्रान्स आणि जर्मन साम्राज्याने मिळून ही वसुली एका यंत्रणेकडे दिली. व्हिएन्नात त्याच कल्पनेला आयोगाचं रूप आलं. 1868 च्या मानहाइम कराराने नदीवरची जकात पुरती उठली आणि तो करार, पुढच्या दुरुस्त्यांसह, अजून लागू आहे. आयोगाकडे अपिलाचं न्यायपीठसुद्धा आहे. नदीत दोन बार्जांची टक्कर झाली, तर खालच्या कोर्टाच्या निकालावर दाद मागायला इथे येता येतं. विश्वशांती, मानवता, बंधुत्व यांतला एकही शब्द उच्चारायची गरज न पडता हे सगळं उभं राहिलं.

चौकाच्या मधोमध युद्धस्मारक आहे. आई बसलेली, तिच्याजवळ दोन मरणारे मुलगे. दोघांच्याही अंगावर कपडे नाहीत, कारण गणवेश घातला की एक फ्रेंच ठरेल आणि दुसरा जर्मन. 1871, 1918, 1940, 1944 : एका माणसाच्या आयुष्यात या शहराचं राष्ट्र चार वेळा बदललं. युरोपातल्या देशांची युरोप परिषद ही संघटना 1949 पासून याच शहरात का आहे, हे स्मारक बघितल्यावर वेगळं सांगावं लागत नाही. तिच्या आणि युरोपीय संसदेच्या काचेच्या इमारती आम्ही बाहेरूनच पाहिल्या. संसदेत कुणी नव्हतं.

बुधवार : बाझेल, बर्न

बाझेलला गाडी बदलायची होती. स्टेशनाजवळ मातकट रंगाचा एक गोल मनोरा दिसतो. ती बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स, मध्यवर्ती बँकांची बँक. पहिल्या महायुद्धाची जर्मनीकडून येणारी भरपाई वाटायला ती 1930 ला काढली. दोनेक वर्षांत भरपाईच बंद पडली. 1944 ला जगाच्या पैशाच्या व्यवहाराची घडी बसवायला भरलेल्या ब्रेटन वुड्सच्या परिषदेने बँक गुंडाळावी असा ठरावसुद्धा केला. बँक आहे तिथेच आहे. ज्या कामासाठी जन्म झाला ते काम संपलं तरी कचेरी संपत नाही, हे सरकारी नोकरी केलेल्या माणसाला नवीन नाही. ह्यांनी मनोऱ्याकडे बघून फक्त "अगं, चल, फलाट सात," एवढंच म्हटलं.

बर्नला मात्र ह्यांना आवरणं कठीण झालं. खोलीवर बॅगा टाकून आम्ही थेट क्लाइने शान्त्से या बागेत गेलो. संसदभवनाला लागून असलेल्या या छोट्या बागेत जागतिक टपाल संघाचं स्मारक आहे. रने द सें-मार्सो या फ्रेंच शिल्पकाराचं, 1909 सालचं. खाली ग्रॅनाइटचा मोठा ओबडधोबड खडक, त्यावरून उठलेले ढग, ढगांवर पृथ्वीचा गोल आणि गोलाभोवती तरंगणाऱ्या पाच बायका, म्हणजे पाच खंड. प्रत्येकीचा एक हात मागे आणि एक पुढे, आणि हातांतून हातांत पत्र चाललेलं. हेच चित्र पुढे संघाचं बोधचिन्ह झालं. हे दोन फेऱ्या मारून आले आणि म्हणाले, "कुणाच्याही हातात पत्र पडून राहिलेलं नाही बघ. बटवडा चोख आहे."

1874 च्या आधी परदेशी टपाल ही मोठी कटकट होती. प्रत्येक देशाने प्रत्येक देशाशी वेगळा करार केलेला. पत्र कुठल्या वाटेने जाणार त्यावर दर. मधल्या प्रत्येक देशाचा वाटा वेगळा आणि त्याचा हिशेब कारकुनांनी पत्रागणिक मांडायचा. 1863 साली अमेरिकेच्या पोस्टमास्तर जनरलच्या, माँटगोमेरी ब्लेअरच्या पुढाकाराने 15 देश पॅरिसला भेटले, पण तत्त्वांपलीकडे गाडी सरकली नाही. मग जर्मन टपाल खात्याचा प्रमुख हाइनरिख फॉन श्टेफान याने जोर लावला आणि 9 ऑक्टोबर 1874 रोजी बर्नमध्ये 22 देशांचा करार झाला. ती बैठक झालेली इमारत, झॉइगहाउसगासेवरची, संध्याकाळी शोधून काढली. खाली आता उपाहारगृह आहे. सूपचा दर बघून आम्ही इमारतीला बाहेरूनच नमस्कार केला.

त्या कराराचा गाभा ह्यांनी मला बाकावर बसून समजावला, तो असा. सगळे सदस्य देश मिळून टपालापुरता एकच मुलूख. 15 ग्रॅमच्या पत्राला सर्वसाधारण दर 25 सेंटाइम, म्हणजे पाव फ्रँक. आणि सगळ्यात मोठी अक्कल म्हणजे : तिकिटाचे पैसे ज्या देशाने घेतले त्यानेच ठेवायचे, वाटून द्यायचे नाहीत. का? तर पत्र गेलं की उत्तर येतंच. आज मी तुझं पत्र फुकट पोहोचवतो, उद्या तू माझं पोहोचव. लाखो पत्रांचा हिशेब एका समजुतीने मिटला. मधून पत्र नेणाऱ्या देशांना मात्र वजनावर पैसे मिळत.

"आणि उत्तरं यायची बंद झाली तर?" मी विचारलं.

तेच झालं. श्रीमंत देशांतून मासिकं आणि जाहिरातींचे गठ्ठे यायचे, परत काही जायचं नाही. म्हणून 1971 पासून पोहोचवणाऱ्या देशाला मोबदला देण्याची पद्धत आली. पुढे चीनमधून घरोघर जाणारी छोटी पाकिटं वाढली, ती अमेरिकेत वाटायचा मोबदला तुटपुंजा ठरू लागला आणि 2018 ला अमेरिकेने संघ सोडण्याची नोटीस दिली. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात जिनिव्हाला खास अधिवेशन भरवून दरांवर तडजोड झाली आणि अमेरिका राहिली. टपालाच्या दरावरून महासत्ता एवढी चिडते, हे वर्तमानपत्रांत कोपऱ्यात छापून आलं होतं. आमच्या घरात ती पहिल्या पानाची बातमी होती.

हिंदुस्थान या संघात 1 जुलै 1876 ला दाखल झाला. देश पारतंत्र्यात, पण टपाल खातं सदस्य.

गुरुवार : बर्नहून जिनिव्हा

सकाळी किर्खेनफेल्डचा पूल ओलांडून हेल्व्हेशियाप्लाट्सवर गेलो. तिथे तारायंत्र संघाचं स्मारक आहे, ज्युझेप्पे रोमान्योली या इटालियन शिल्पकाराचं, 1922 सालचं. टपालाच्या त्या तरंगत्या बायकांपुढे हे जड वाटतं. माणसं बाजूने ट्राम पकडायला पळतात, वर कुणी बघत नाही. तारच बंद झाली, तिच्या स्मारकाकडे कोण बघणार?

पण तारेची गोष्ट टपालाच्याही आधीची आहे, आणि तिचा एक तुकडा आम्ही मंगळवारी नकळत मागे टाकून आलो होतो. 1850 च्या सुमारास फ्रान्स आणि शेजारचं बाडेन हे जर्मन राज्य यांनी स्ट्रासबुर्गला संयुक्त तारऑफिस काढलं. एका टेबलाशी दोन कारकून. पॅरिसहून आलेली तार फ्रेंच कारकून हाताने कागदावर उतरवून घ्यायचा आणि टेबलावरून समोरच्या बाडेनच्या कारकुनाकडे सरकवायचा. तो तिचं जर्मन करायचा आणि पुढे ठोकायचा. विजेच्या वेगाने आलेला मजकूर सरहद्दीवर दौतीत बुडायचा! हे थांबवायला 17 मे 1865 रोजी पॅरिसला 20 देशांनी करार केला. ब्रिटनला त्यात जागा नव्हती, कारण तिथल्या तारकंपन्या तेव्हा खासगी होत्या. हिंदुस्थानातली तार सरकारी, त्यामुळे हिंदुस्थान 1869 ला आत गेला, आणि ब्रिटन त्याच्यानंतर, 1871 ला. वर्गात हे सांगायला मला फार मजा आली असती. पाठ्यपुस्तकात नव्हतं.

तारेची कचेरी बर्नला आली, मागोमाग टपालाची, मग स्वामित्वहक्काच्या बर्न कराराची, मग रेल्वे मालवाहतुकीची. चार माणसं, कपाटं, पत्रव्यवहार आणि एक छापील नियतकालिक, एवढाच संसार. देखरेख स्विस सरकारची. तटस्थ, लहान, आणि कुणाच्या डोळ्यावर न येणारा देश म्हणून सगळ्यांना चालायचा. तारेची कचेरी 1948 ला जिनिव्हाला गेली आणि आज मोबाइलच्या लहरी, उपग्रहांच्या कक्षा यांचं वाटप तीच बघते. टपालवाले बर्नलाच राहिले, वेल्टपोस्टश्ट्रासे नावाच्या रस्त्यावर.

दुपारची गाडी पकडली. लोझानच्या अलीकडे गाडी बोगद्यातून बाहेर पडते आणि डाव्या हाताला एकदम खाली सगळं सरोवर आणि उतरणीवरचे द्राक्षमळे. डबाभर माणसं क्षणभर मोबाइल खाली ठेवतात. आल्प्सचा कोटा तिथेच पुरा झाला, असं लेकीला कळवून टाकलं.

जिनिव्हात हॉटेलवाले मुक्कामभर बस-ट्राम फुकट असलेला पास देतात. त्या जिवावर संध्याकाळीच जुन्या गावात चढलो. नगरभवनात वर जायला जिन्याऐवजी फरसबंद उतार आहे, घोड्यावर बसून थेट वरच्या मजल्याला जाता यावं म्हणून सोळाव्या शतकात केलेला. तळमजल्यावरच्या एका दालनात 22 ऑगस्ट 1864 ला 12 देशांनी पहिल्या जिनिव्हा करारावर सह्या केल्या : जखमी सैनिक कुठल्याही बाजूचा असो, त्याची शुश्रूषा झाली पाहिजे, आणि शुश्रूषा करणाऱ्यांवर गोळी झाडायची नाही. पण दालनाला नाव मिळालं ते आठ वर्षांनी झालेल्या भांडणाचं. अमेरिकी यादवीत दक्षिणेच्या बाजूने लढलेलं 'अलाबामा' हे जहाज ब्रिटनमध्ये बांधलेलं. अमेरिकेने नुकसानभरपाई मागितली. 1872 ला याच दालनात पाच पंचांच्या लवादाने ब्रिटनला 1 कोटी 55 लाख डॉलर भरायला लावले, आणि ब्रिटनने ते भरले. त्या काळच्या सगळ्यात मोठ्या आरमाराच्या मालकाने पंचांचं ऐकलं, यावरच पुढच्या हेगच्या लवादाची आणि न्यायालयांची सगळी भिस्त उभी राहिली. दालन बंद होतं. भिंतीवरच्या पाट्या वाचून परतलो.

या गावाने हेन्री ड्यूनांला मात्र नीट वागवलं नाही. अल्जीरियातल्या आपल्या धंद्याच्या कामासाठी तिसऱ्या नेपोलियनला गाठायला निघालेला हा माणूस जून 1859 मध्ये सोल्फेरिनोच्या रणांगणाशी पोहोचला आणि धंदा विसरून जखमींना पाणी पाजत बसला. त्यातून 1863 ची पाच जणांची समिती निघाली, तीच पुढची रेड क्रॉस. 1867 ला ड्यूनांचं दिवाळं वाजलं. कर्ज बुडवणारा माणूस जिनिव्हात तोंड दाखवू शकत नसे. समितीतून नाव गेलं, अध्यक्ष ग्युस्ताव्ह म्वानिए याच्याशी कायमचं वाकडं आलं, आणि ड्यूनां गाव सोडून गेला तो परत आला नाही. 1901 चा शांततेचा पहिला नोबेल त्याला फ्रेदेरिक पासीबरोबर विभागून मिळाला, तेव्हा तो स्वित्झर्लंडमधल्याच हायडेन गावी एका रुग्णालयातल्या खोलीत राहत होता.

शुक्रवार : पाले दे नासिओं

पाले दे नासिओं म्हणजे राष्ट्रसंघाचं जुनं आणि संयुक्त राष्ट्रांचं आताचं घर. पासपोर्ट दाखवून, पट्टा-पाकीट ट्रेमध्ये ठेवून आत गेलो. बाहेर चौकात 12 मीटर उंचीची, एक पाय तुटलेली लाकडी खुर्ची आहे, भूसुरुंगांविरुद्धची, 1997 सालची. सगळे तिच्याखाली फोटो काढत होते.

"राष्ट्रसंघ अपयशी का ठरला? कारणे द्या." हा प्रश्न मी किती पेपरांत घातला असेल! उत्तरंही पाठ : अमेरिका आलीच नाही, जपान आणि जर्मनी 1933 ला बाहेर पडले, इटलीने अबिसिनिया (आजचा इथिओपिया) घेतला, सैन्य नव्हतं, निर्णय एकमताने लागत. त्या अपयशी संस्थेचं हे घर बघून माझी छाती दडपली. 1920 पासून राष्ट्रसंघाचा संसार सरोवराकाठच्या एका हॉटेलात चालला होता. मग स्वतःच्या वास्तूसाठी स्पर्धा झाली, 377 आराखडे आले. नामवंत वास्तुविशारद ल कॉर्बुझिएचा आराखडा, शाईने काढलेल्या मूळ प्रतीऐवजी छापील नक्कल दिली, या नियमावर बोट ठेवून बाद केला. पाच वेगवेगळ्या वास्तुविशारदांना एकत्र बसवलं. 1929 ला कोनशिला बसली आणि सगळं पूर्ण होईपर्यंत 1938 उजाडलं, म्हणजे घरभरणी झाली तेव्हा घरातली माणसं निघून चालली होती.

परिषदेच्या दालनात जुझेप मारिया सेर्त या कातालान चित्रकाराची सोनेरी-तपकिरी भित्तिचित्रं आहेत. स्पेनची भेट, 1936 ची. त्याच वर्षी स्पेनमध्ये यादवी पेटली. छतावर पाच अजस्र हात एकमेकांत गुंतलेले. आमच्या गाइड मुलीने ते पाच खंड म्हणून सांगितले आणि ह्यांनी मला कोपराने ढोसलं.

सभागृहात बसल्यावर मला 1937 आठवलं, म्हणजे पुस्तकातलं. त्या वर्षी राष्ट्रसंघाच्या सभेचे अध्यक्ष आगाखान होते, हिंदुस्थानचे प्रतिनिधी. स्वराज्य नाही, पण व्हर्सायच्या तहावर बिकानेरच्या महाराजांची सही, आणि राष्ट्रसंघात संस्थापक सदस्य म्हणून खुर्ची. शिष्टमंडळ लंडन आणि दिल्लीच्या सरकारांनी ठरवलेलं. पण पाटीवर 'इंडिया' लिहिलेलं होतं, आणि ती पाटी 1945 ला संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेच्या वेळी सॅन फ्रान्सिस्कोत कामाला आली. ऑगस्ट 1955 मध्ये याच इमारतीत अणुऊर्जेच्या शांततामय वापराची पहिली मोठी परिषद झाली, तेव्हा अध्यक्षपदी आपल्या मुंबईचे होमी भाभा होते.

एक गोष्ट मी वर्गात नीट शिकवली नाही असं नाही, अभ्यासक्रमातच तिला जागा नव्हती. राष्ट्रसंघाची मोठी सभा हरली, पण तळघरातली खाती हरली नाहीत. 1922 ला राष्ट्रसंघाचा निर्वासितांसाठीचा आयुक्त नान्सेन याच्या ओळखपत्रावर देशहीन माणसांना सरहद्दी ओलांडता येऊ लागल्या. 1925 पासून सिंगापूरच्या ठाण्यातून आशियाच्या बंदरांतल्या प्लेग-कॉलऱ्याच्या खबरा तारेने जाऊ लागल्या. एप्रिल 1946 मध्ये राष्ट्रसंघाने स्वतःचं विसर्जन केलं, आणि इमारत, ग्रंथालय, कागदपत्रं संयुक्त राष्ट्रांकडे गेली. साथींचं काम जागतिक आरोग्य संघटनेत मुरलं. बागेत मोर फिरत होते. ही जमीन शहराला देणाऱ्या रेव्हियो नावाच्या गृहस्थाची इथे मोर राहावेत अशी अट होती. त्यांचं ओरडणं ऐकून मला माहेरची आठवण झाली.

समोरच रेड क्रॉसचं संग्रहालय. तिथे ह्यांनी मला अर्धा तास एका जागी उभं केलं. काचेमागे लाकडी खोक्यांच्या रांगा, खोक्यांत उभी कार्डं. पहिल्या महायुद्धातल्या युद्धकैद्यांच्या शोधासाठी जिनिव्हात जी कचेरी निघाली, तिची ही साठ लाखांवर कार्डं. घरून विचारणा आली की एक कार्ड. छावणीतून यादी आली की दुसरं. दोन्ही एकाच अक्षराखाली लागली आणि जुळली की आईला पत्र. एकाच आडनावाचे शेकडो सैनिक, म्हणून पलटण, गाव, तारीख. कोपरे बोटांनी काळे पडलेले. "हे सॉर्टिंग आहे," हे म्हणाले, "शुद्ध सॉर्टिंग. फक्त थैलीत माणसं आहेत."

एप्रिल 1916 मध्ये आताच्या इराकमधल्या कुत अल अमाराला सहावी पूना डिव्हिजन तुर्कांना शरण गेली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. सातारा-रत्नागिरीकडची ती माणसं कैदेत गेली, आणि बरीच परत आली नाहीत. मी काचेला नाक लावून बघत होते, पण समोरच्या खोक्यांवर सगळी युरोपातली अक्षरं.

शनिवार : सरोवराचा काठ

सरोवराकाठाने उत्तरेला चालत गेलं की आधी पाले विल्सन लागतो, राष्ट्रसंघाचं ते जुनं हॉटेल. जो देश कधी सदस्यच झाला नाही त्याच्या अध्यक्षाचं नाव त्याला 1924 ला दिलं. पुढे तिथे संयुक्त राष्ट्रांची मानवी हक्कांची कचेरी आली. आणखी थोडं पुढे, झाडीत, 1926 ची दगडी इमारत. मला खरी बघायची होती ती ही.

आज तिथे जागतिक व्यापार संघटना बसते, पण बांधली ती आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी. पायाच्या दगडात लॅटिन वचन ठेवलं : शांतता हवी तर न्याय जोपासा. दाराच्या किल्ल्या तीन, सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांच्या, कारण या संघटनेत प्रत्येक देशाकडून तिघांचेही प्रतिनिधी बसतात, आणि कामगाराला स्वतःचं मत असतं. कामगार संघटना 1970 च्या दशकात टेकडीवर नव्या इमारतीत गेली, व्यापारवाले आले आणि भिंतींवरची श्रमिकांची काही मोठी चित्रं त्यांनी फळ्यांखाली झाकली. बऱ्याच वर्षांनी ती पुन्हा उघडी केली. झाकणाऱ्यांना त्यांच्या जागी ती अडचणीची वाटली असतील, पण मला राग आला तो आलाच.

या संघटनेची पहिली परिषद 1919 ला वॉशिंग्टनला झाली. हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तिथे गेले ते नारायण मल्हार जोशी, कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या गोरेगावचे. मुंबईच्या डिलाइल रोडला ज्यांचं नाव दिलंय ते हेच. त्या परिषदेने आठ तासांचा दिवस, 48 तासांचा आठवडा असा पहिला करार केला, पण त्यात हिंदुस्थानसाठी वेगळं कलम घातलं : इथे आठवडा 60 तासांचा. 1922 च्या कारखाना कायद्यात तेच आलं, दिवसाला फार तर 11 तास. सवलत अन्यायाची होती, हे उघड आहे. तरी गिरणीतल्या सगळ्या प्रौढ कामगारांना आठवड्याची मर्यादा मिळाली ती त्याच अन्यायाच्या कलमातून.

जोशींची निवड सरकारने परस्पर केली होती. व्हर्सायच्या तहात म्हटलं होतं की प्रतिनिधी कामगारांच्या सगळ्यात मोठ्या संघटनेशी बोलून निवडावा, आणि आपल्याकडे देशभरची अशी संघटनाच नव्हती. ती हवी म्हणून धावपळ झाली आणि 31 ऑक्टोबर 1920 रोजी मुंबईच्या एंपायर थिएटरात अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस भरली, अध्यक्ष लाला लजपतराय. 1929 ला नागपूरच्या अधिवेशनात ती फुटली, आणि भांडणाचा एक मुद्दा होता तो जिनिव्हाला प्रतिनिधी पाठवायचा की नाही हा. बहुमत म्हणालं नाही. जोशी बाहेर पडले, आणि पुढेही जिनिव्हाच्या या इमारतीत येत राहिले, नियामक मंडळावर बसले.

मी हे सगळं ह्यांना सांगत होते तेव्हा दारावरचा रखवालदार आमच्याकडे संशयाने बघत होता. "अहो, जरा पुढे व्हा," मी म्हटलं, "तो पासपोर्ट मागेल परत." हे हलले नाहीत. तीन किल्ल्यांची गोष्ट त्यांना पटली नव्हती. सरकारची किल्ली आणि मालकाची किल्ली एकाच जुडग्यात असणार, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यावर आमचा वाद फ्रायबुर्गच्या गाडीत बसेपर्यंत चालला.